वाऱ्याच्या उलट

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. बोट सापडली होती. नांगर टाकलेला होता, शिडं गुंडाळून बांधलेली होती, बोटीवर कोणी नव्हतं.

फोन आला तेव्हा ती काचेच्या अलीकडे बसली होती आणि काचेच्या पलीकडे, आवाजबंद खोलीत, एक म्हातारे गृहस्थ कानांवर हेडफोन चढवून, हातात बटण धरून बसले होते. कानांच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायचं हे तिचं काम. ती एकेक सूर सोडायची, आधी मोठा, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि ऐकू आलं की समोरच्याने बटण दाबायचं. दाबलं की तिच्याकडचा हिरवा दिवा लागे. फोनवरचा माणूस किनाऱ्यावरच्या गस्तीदलातला अधिकारी होता. त्याने आधी तिचं नाव नीट विचारून घेतलं, मग नवऱ्याचं, मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसलेल्या आहात ना?" ती म्हणाली, "मी बसूनच काम करते." हे उत्तर तिला पुढे दोन दिवस पायात मोडलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं. अधिकारी सांगत होता, की बोट बेटांच्या मधल्या उथळ पाण्यात उभी आहे, बोटीला काही झालेलं नाही, मागची शिडी पाण्यात सोडलेली आहे आणि किनाऱ्यावर जायची छोटी होडी तेवढी जागेवर नाही. तो बोलत असतानाच हिरवा दिवा लागला. तिने काचेतून पाहिलं. म्हातारे गृहस्थ मान किंचित तिरकी करून, डोळे मिटून, अगदी मन लावून ऐकत होते. तिने सूर सोडलेला नव्हता. असं होतं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही की माणसांना शांततेतही ऐकू यायला लागतं. आपण नापास होऊ नये असं वाटतं, आणि बटण आपोआप दाबलं जातं. असे लागलेले दिवे ती धरत नसे. "मी तासाभरात फोटो पाठवतो, तुम्ही बघून सांगा," असं म्हणून अधिकाऱ्याने फोन ठेवला, आणि तिने पुढचा सूर सोडला. काम अर्धं टाकून उठू नये म्हणून नव्हे. उठून कुठे जायचं ते तिला सुचलं नाही.

काउंटरवरच्या मुलीने दारातून डोकं आत घालून विचारलं, "ताई, पुढचा पेशंट सोडू?" आणि तिच्या तोंडाकडे बघून, उत्तराची वाट न पाहता, पाणी आणायला गेली. मग सगळं भराभर झालं. डॉक्टर आपल्या खोलीतून उठून आले. पाच वर्षांत ते तिच्या खोलीत पहिल्यांदाच आले असतील. "तुमचे मिस्टर पट्टीचे पोहणारे आहेत ना?" असं त्यांनी विचारलं आणि तिने हो म्हटलं. मुलीने तिचा हात धरून ठेवला. "दर वर्षी जाता ना तुम्ही दोघं? यंदाच नेमकं नाही गेलात," मुलगी म्हणाली. काम खूप आहे म्हणून जात नाही, असं तिने सुट्टीआधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ही सगळी हळहळ तिला दुसऱ्याच कुणाच्या मापाच्या कोटासारखी वाटत होती. खांद्यावर टाकला आहे, ऊबही आहे, पण बाह्या लांब पडताहेत. कारण गेल्या उन्हाळ्यापासून तो तिच्याबरोबर राहत नव्हता. सायकलच्या दुकानावरची एक खोली त्याने भाड्याने घेतली होती. हे दवाखान्यात कोणाला माहीत नव्हतं, त्याच्या आईला नव्हतं, बहिणीला नव्हतं. सुट्टीनंतर सांगायचं असं दोघांचं ठरलं होतं. सुट्टीसाठी भाड्याची बोट आधीच ठरवून झाली होती. "तू जाऊन ये," ती म्हणाली होती. "तू?" त्याने विचारलं होतं, आणि त्या एका अक्षरात पुष्कळ जागा ठेवली होती. बोटीच्या लोकांना घरचा नंबर म्हणून त्याने तिचाच दिला, हे तिला आज सकाळी कळलं.

फोटो आले. पहिल्यात बोटीचं पोट दिसत होतं. तो लाकडी वास तिला फोटोतूनही आला. गादीवर चादर ओढलेली. पुस्तक उघडं, पालथं. ओट्यावर टॉवेलची एक गुंडाळी. अधिकाऱ्याने फोनवर विचारलं, "मॅडम, टॉवेलात दोन कप गुंडाळलेले होते. दोन. म्हणून विचारतो, सोबत कोणी होतं का? संकोच करू नका. शोधायचं एकाला की दोघांना, एवढंच आम्हाला हवंय." त्या बोटीवर कप हुकांना टांगलेले असत आणि लाटेवर एकमेकांना लागत. टिणटिण. अंधारात, पाण्यावर, तो आवाज तिला सुईसारखा लागायचा. दिवसभर बारीक सुरांचं काम करून तिचे कान तसे झाले होते. पहिल्याच वर्षी दुसऱ्या रात्री ती उठून बसली, तेव्हा तोही उठला, दोन्ही कप काढून टॉवेलात गुंडाळले आणि म्हणाला, "घे. समुद्र बंद करता येणार नाही, हे केलंय." तेव्हापासून दर रात्री झोपण्याआधी तो कप गुंडाळायचा. त्याला स्वतःला ते कधीच ऐकू आले नव्हते. उंच इमारतींच्या लिफ्ट तपासण्याचं त्याचं काम, दिवसभर मोटारींच्या घरघराटात उभा राहणारा माणूस तो. त्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी तो कूस बदलून झोपला असता. "सोबत कोणी नव्हतं," तिने अधिकाऱ्याला सांगितलं. "कशावरून?" "कप तो गुंडाळून ठेवतो. वाजू नयेत म्हणून." अधिकारी हं म्हणाला. ज्या बोटीवर ती नव्हती, तिथे कप कोणासाठी गुंडाळले, हे त्याने विचारलं नाही.

दुसरा फोटो बोटीच्या मागच्या बाजूचा होता. छोट्या होडीचा दोर ज्या लोखंडी खुंटीला बांधत, ती मोकळी खुंटी. अधिकाऱ्याचा खरा प्रश्न हा होता. "आता नीट ऐका, मॅडम. एक तर ते होडी घेऊन स्वतः कुठेतरी गेले. नाहीतर होडी सुटली, वाहायला लागली, आणि तिला आणायला त्यांनी पाण्यात उडी टाकली. असं फार होतं. होडी जवळच दिसते, माणूस पोहत जातो, ती पुढे जात राहते. माझ्याकडे दोनच बोटी आहेत आणि वारा जोराचा आहे. होडी सुटली असेल तर वाऱ्याच्या खाली, म्हणजे वारा नेईल त्या दिशेला, मोकळ्या समुद्रात शोधायला हवं, आत्ताच, वेळ घालवून चालणार नाही. स्वतः गेले असतील तर बेटं बघायला हवीत, आणि बेटं काय, मूठभर तांदूळ फेकावेत तशी पडलीत. तुम्ही त्यांना ओळखता. दोर बांधायचं काम ते कसं करायचे?"

तिला विचार करावाच लागला नाही. पहिल्या वर्षी होडी त्यानेच बांधली होती. बांधली म्हणजे खुंटीला दोन वेढे मारले आणि हात झटकले. संध्याकाळी कॉफी घेऊन ते वर आले तेव्हा होडी पार लांब गेली होती, एखाद्या बेपर्वा कोंबडीसारखी पाण्यावर डुलत चाललेली. तो हसतच पाण्यात उतरला. ती बोटीच्या कडेला उभी राहून त्याचं डोकं लहान होताना बघत होती. हात मारून मारून शेवटी त्याने होडी गाठली आणि कसाबसा वल्हवत परत आला, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि तरी तो हसत होता. "तांडेल," तो म्हणाला, "आजपासून दोर तुझ्याकडे." तेव्हापासून ती तांडेल, होडीची कप्तान, झाली. नांगर त्याचा, शिडं दोघांची, छोटी होडी तिची. तिने एका म्हाताऱ्या खलाशाकडून गाठ शिकून घेतली, वेढा आणि त्यावर दोन गाठी, आणि त्यावर स्वतःची एक तिसरी घातली. ती तिसरी कोणी शिकवलेली नव्हती. टोक वळवून आत खोचायचं आणि ओढायचं. त्याला ती गाठ शिकवायचाही तिने प्रयत्न केला होता, पण तो डावखुरा. त्याच्या हातात सगळं आरशातल्यासारखं उलटं व्हायचं. दोन-चार वेळा बोटं अडकवून घेऊन त्याने नाद सोडला. "मला बांधता येणार नाही आणि तुला सोडता येणार नाही, चाललंय ते ठीक आहे," असं म्हणून तो खाली कॉफी करायला गेला होता.

"तो दोर बांधायचा नाही," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "ते माझं काम होतं. त्याने बांधला असेल तरी नुसते दोन वेढे मारले असतील. होडी सुटली असणार."

"आणि ते मागे गेले असतील?"

"गेला असेल. पूर्वी गेला आहे."

"बरं," अधिकारी म्हणाला. त्याने कोणाला तरी हाक मारून दिशा सांगितली. ती तिला नीट ऐकू आली. मग तो पुन्हा तिच्याशी बोलला, आणि आवाज आधीपेक्षा मऊ झाला होता, त्यावरून आपण काय सांगून बसलो ते तिला कळलं. "धीर धरा, मॅडम. तुम्ही नेमकं सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर नातेवाईक काय, रडत राहतात आणि दिवस जातो."

डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. ती बस सोडून चालत निघाली. रस्त्यावर दुपारची वर्दळ होती, एका दुकानाचं लोखंडी शटर वर जात होतं, कोणीतरी गच्चीवरून गालिचा झटकत होतं, सिग्नलपाशी एक बाई आपल्या लहान मुलाला बजावत होती, "हात सोडलास तर बघ." तिला सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं, एकेक सूर सुटा केल्यासारखं. चालता चालता तिने सवयीने समोरचा दिव्याचा खांब आणि मागच्या इमारतीची कड एका रेषेत आणली. हेही तिकडचंच. नांगर टाकला की किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या, एक जवळची, एक लांबची, म्हणजे एखादा खडक आणि त्याच्या मागचं झाड. त्या एका रेषेत राहिल्या तर बोट जागेवर आहे. एकमेकींपासून सरकायला लागल्या तर नांगर धरत नाही, बोट घसरते आहे. कितीही स्थिर वाटली तरी घसरते आहे. तो एकदा नांगर टाकला की तिकडे पाठ करून पुस्तक उघडायचा. ती वर बसून राहायची, खडक आणि झाड, खडक आणि झाड. पाणी काचेसारखं असायचं, तळाची वाळू दिसायची, आणि ती वाळू न बघता ती रेषा बघत बसायची. वर्षातले ते पंधरा दिवस. "वर्षभर वर-खाली करतो, पंधरा दिवस तरी मला आडवं जाऊ द्या," असं तो मित्रांना सांगायचा. लोक हसायचे. तीही हसायची, दर वर्षी, त्याच जागी.

भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवता आलं असतं. मागच्या सुट्टीत, शेवटून दुसऱ्या संध्याकाळी, ती होडी बांधत होती आणि तो पाय पाण्यात सोडून शेजारी बसला होता. समोर लांबवर ते बेट दिसत होतं. सगळ्या बेटांपासून तुटून एका बाजूला पडलेलं, सपाट, मधे थोडं फुगलेलं. त्याचं नाव त्यांनी पालथी बशी ठेवलं होतं. पहिल्या वर्षापासून तो तिथे जाऊ म्हणायचा. आजूबाजूला खडक होते म्हणून बोट नेता येत नव्हती, आणि बोट सोडून दोघांनी छोट्या होडीतून एवढं लांब जायला तिचं मन घेत नव्हतं. मागे नांगर घसरला तर? पुढच्या वर्षी, असं ती म्हणायची. त्या संध्याकाळीही म्हणाली. तो तिच्या हाताकडे बघत होता.

"दोन गाठींवर जगातल्या सगळ्या होड्या राहतात," तो म्हणाला.

"राहू देत."

"तिसरी कशासाठी?"

"झोप लागावी म्हणून."

"लागते?"

ती दोर ओढत राहिली. तो बराच वेळ पाय हलवत बसला, मग टोमणा नाही, राग नाही, एखादी गोष्ट आत्ताच लक्षात यावी तसं म्हणाला, "तुझ्या शेजारी राहून माणसाला सारखं वाटायला लागतं, की आपण आज ना उद्या सुटून जाणार आहोत." मग तो उठून खाली गेला आणि थोड्या वेळाने त्याने कप काढून टॉवेलात गुंडाळल्याचा आवाज तिने ऐकला. त्याला वाटायचं, गुंडाळण्याला आवाज नसतो. घरी आल्यावर सगळं होतं तसंच सुरू झालं, खडक आणि झाड एका रेषेतच वाटत होते. उन्हाळ्यात तो म्हणाला, की सायकलच्या दुकानावर एक खोली रिकामी आहे. तिने त्याच्या शर्टांना इस्त्री करून दिली. इतकं समजूतदारपणे झालं सगळं, की नंतर कित्येक दिवस ती वाट बघत होती, कोणीतरी येऊन हे खरं नाही म्हणेल.

संध्याकाळी नणंद आली. धाकटी नणंद, शाळेत गणित शिकवणारी, आल्या आल्या चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जाणारी. तिने आईला शेजारणीपाशी बसवून ठेवलं होतं. आईला फक्त एवढंच सांगितलं होतं, की बोट बिघडली आहे. "आई म्हणते, वहिनी बरोबर आहे ना, मग काळजी नाही," नणंद म्हणाली आणि पाणी प्यायली. "मी म्हटलं, वहिनी यंदा गेलेली नाही. तर म्हणते, असं कसं, त्याला एकट्याला सोडते कशी ती?" तिने ग्लास खाली ठेवला आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याचा एखादा शर्ट दे गं. मला अंगावर घेऊन पडू दे जरा. लहानपणी मी त्याचेच घालायचे." ती उठली नाही. नणंदच उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग हँगर सरकवल्याचे, एक, मग काहीच नाही.

"वहिनी, दादाचे कपडे कुठायत?"

"त्याच्याकडे."

"त्याच्याकडे म्हणजे?"

तिने सांगितलं. थोडक्यात सांगता आलं, याचं तिलाच नवल वाटलं. नणंद पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती आणि रिकाम्या हँगरशी खेळत होती.

"आईला कधी सांगणार होतात?"

"सुट्टीनंतर."

"सगळं सुट्टीनंतर. तुमच्या घरात सगळं सुट्टीनंतर नाहीतर पुढच्या वर्षी." मग तिने हँगर परत अडकवला. "मग तू आता कोण आहेस, वहिनी? म्हणजे मी भांडत नाहीये. मला खरंच कळत नाहीये. ते लोक फोन तुला करतायत."

"मलाही माहीत नाही."

"तुला रडू येत नाही?"

"मी त्यांना सांगितलं, तो पोहत गेला असणार. खाली, समुद्रात. ते तिकडेच शोधतायत."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. "बरोबर सांगितलंस?"

"मी त्याला ओळखते."

"हो," नणंद म्हणाली. "ते आहेच." आणि ती शर्टाशिवायच, तिच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बऱ्याच वेळाने ती भिंतीशीच बोलली. "मागच्या महिन्यात आला होता आमच्याकडे. आईच्या खाटेच्या पायाला दोरी बांधत बसला होता. मी म्हटलं, हे काय नवीन, तर म्हणे सराव करतोय. पोरांसारखा. तिसऱ्यांदा चुकलं की शिवी द्यायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा." ती नुसती हं म्हणाली. तिच्या कानावर ते पडलं होतं, प्रत्येक शब्द. पण ऐकू येणं आणि कळणं यांच्यामधे कधीकधी बरंच अंतर पडतं, हे ती रोज पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगत असे.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. नणंदही बरोबर आली, आणि दवाखान्याच्या बाकावर, ऐकू न येणाऱ्या माणसांच्या रांगेत बसून राहिली. सकाळी अधिकाऱ्याचा फोन आला तो नेहमीसारखा: शोध चालू आहे, वाऱ्याच्या खालचा मोठा पट्टा बघून झाला, काही मिळालं नाही. दुपारी पुन्हा आला तेव्हा मात्र त्याने मॅडम म्हटल्यावर श्वास घेतला, आणि तो श्वास वेगळा होता.

"होडी सापडली."

तिने खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

"पण घोळ आहे. वाऱ्याच्या खाली नाही सापडली. उलट बाजूला सापडली. वाहत तिकडे जाऊच शकत नाही, वल्हवत नेली तरच. वाळूवर भरतीच्या खुणेच्या वर ओढून ठेवलीय, वल्ही आत नीट ठेवलीत, दोर झाडाला बांधलाय. एका बाजूला पडलेलं बेट आहे एक, छोटं, सपाट."

"मधे फुगलेलं," ती म्हणाली. "पालथ्या बशीसारखं."

"तुम्हाला माहीत आहे ते?"

"लांबून."

"आमची माणसं म्हणतात, कोणा मच्छीमाराला होडी वाहताना मिळाली असेल आणि त्याने तिथे नेऊन बांधली असेल. तसंही होतं. म्हणून गाठीचा फोटो पाठवतोय. बघून सांगा."

फोटो उघडला. नणंद उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. खरबरीत खोडाभोवती दोराचा वेढा. वेढ्यावर गाठ. तिच्यावर दुसरी. आणि दुसरीच्या पुढे, जिची जगातल्या कुठल्याही होडीला गरज नाही अशी एक तिसरी, टोक वळवून आत खोचलेली, ओढून घट्ट केलेली. तिने फोटो मोठा केला. वळण तिच्या वळणाच्या उलटं होतं. आरशातल्यासारखं. डाव्या हाताचं. एके ठिकाणी दोर जास्त पिळला गेला होता. तिथे तो एकदा चुकला असणार, आणि त्याने सोडून पुन्हा बांधलं असणार. बोटीपासून इतक्या लांब, वाऱ्याच्या उलट वल्हवत जाऊन, हात भरून आलेले असताना, कोणी बघायला नसताना, त्याने तिथे उभं राहून हे केलं होतं.

"मॅडम?"

"ही गाठ माझी आहे."

"तुमची म्हणजे? तुम्ही तर तिथे…"

"माझी आहे. बांधली त्याने आहे."

नणंदेने तिच्या खांद्यावर ठेवलेली बोटं आवळली. अधिकारी दुसऱ्या फोनवर कोणाशी तरी भराभर बोलला, मग परत आला. बेट छोटं असलं तरी आत झाडी दाट आहे, गोडं पाणी नाही, पलीकडच्या बाजूला खडक आहेत आणि तिथे लाटा फुटतात. वाळूवर पावलं असतील तर ती भरतीने पुसली आहेत. कालच एक बोट तिकडे वळवता आली असती, असं तो बोलला नाही. ते तीच बोलली.

"काल मी सांगितलं, तो बांधणार नाही."

"हो."

"म्हणून तुम्ही खाली शोधलंत. एक दिवस गेला."

"तसं मनाला लावून घेऊ नका," अधिकारी म्हणाला. तो मनापासून समजूत घालत होता. "तुम्ही त्यांच्या पत्नी. तुमच्यापेक्षा जास्त आम्हाला काय कळणार?"

काचेपलीकडच्या खोलीत एक शाळकरी मुलगी तिच्या आईबरोबर येऊन बसली होती आणि हेडफोन हातात घेऊन काचेतून तिच्याकडे बघत होती. तिने मुलीला मानेनेच थांब असं खुणावलं. खडक आणि झाड, तिला आठवलं. ती इतकी वर्षं त्या दोन खुणांकडे बघत बसली होती आणि जो तिसरा माणूस बोटीवर तिच्या शेजारी बसून तिच्या हाताकडे बघत होता, त्याच्याकडे तिने पाठ केली होती. नाही, तिसरा नाही. दुसरा. बोटीवर दोघंच असत.

"आणखी एक," अधिकारी म्हणाला. "संध्याकाळपर्यंत बेटाला एक फेरी मारून होईल. येताना होडी ओढून आणायला सांगतो. तिथे राहिली तर कोणीतरी उचलून नेईल."

"नको."

"मॅडम, बोटवाल्यांची वस्तू आहे…"

"आणू नका. तो झाडीत असेल, पलीकडे पडला असेल, काहीही असेल. तो परत येईल तो होडीपाशीच येईल. होडी दिसली नाही तर तो पाण्यात उतरेल. तो उतरतो." तिचा आवाज वर गेला नव्हता, समोरचा सूर जितका बारीक होई तितका ती आपला आवाज खाली आणत असे, तसाच तो होता. "तिला हात लावू नका. गाठही सोडू नका. काल मी चुकीचं सांगितलं. हे चुकीचं नाही."

"हे कशावरून?" त्याने विचारलं, आणि विचारण्यात खोच नव्हती.

नणंदेने फोन तिच्या हातातून घेतला. "मी बहीण बोलतेय," ती म्हणाली. "वहिनी सांगतेय तसं करा."

अधिकारी बरं म्हणाला.

ती काचेपाशी सरकून बसली. मुलीला हेडफोन घालायला सांगितला, ऐकू आलं की दाब, अगदी हळू आलं तरी दाब, असं सांगितलं. पहिला सूर सोडला. दिवा लागला. दुसरा सोडला. लागला. मग ती थांबली, नेहमी थांबते त्यापेक्षा जास्त, आणि काही न सोडता दिव्याकडे बघत राहिली. मुलगीही तिच्याकडे बघत होती, बोट बटणावर, दाबलं नाही.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अधिकाऱ्याचा निरोप आला. बेटाची एक फेरी पूर्ण. कोणी आढळलं नाही. अंधारामुळे पथक परतलं आहे. पलीकडचे खडक उद्या सकाळी ओहोटीला बघतील. होडी जागेवर आहे. दोर बांधलेला आहे.